पंखवाली, बेडूक आणि आमच्या स्टँडचं नाव

पाणीपट्टीच्या नव्या बिलांवर लिहितो म्हणालो होतो, ते पुढच्या खेपेला. आज गाडीवर लिहिणार आहे. तीही अमेरिकन आणि सत्तर वर्षांपूर्वीची. हसू नका, विषय गावचाच आहे. पोस्ट लांबलीय, चहा घेऊन बसा.

झालं असं, की पेठेतल्या एका मंडळाचं यंदा पन्नासावं वर्ष. देखावा काय करायचा यावर बैठक होती. केदारनाथ झालं, चांद्रयान झालं, आता काहीतरी आपलं करा असं सगळ्यांचंच म्हणणं. कुणीतरी सुचवलं, आपल्या घाटातली जुनी टॅक्सी करूया. रेल्वेनं वाठार स्टेशनला उतरलेले पाहुणे टॅक्सीत बसून आपल्या गावावरून पाचगणी-महाबळेश्वरला चढायचे, तो काळ. मला कल्पना इतकी आवडली की मी जागेवर वर्गणी दुप्पट जाहीर केली. (जाहीर केली, दिलेली नाही. खजिनदार वाचत असतील तर रविवारी घरी या.)

आठ दिवसांनी डेकोरेशनवाल्यानं मोबाईलवर डिझाईन दाखवलं. गुलाबी गाडी. बॅडमिंटनचं कोर्ट व्यापेल इतकी लांब. मागच्या दोन्ही मडगार्डांवर विमानाच्या शेपटीसारखे उंच पंख, आणि प्रत्येक पंखाच्या मधोमध बंदुकीच्या गोळीसारखे दोन-दोन लाल दिवे. खाली पाटी, 'घाटाची शान', आणि त्याखाली आमच्या जुन्या टॅक्सी स्टँडचं नाव.

मी ती गाडी बघताक्षणी ओळखली. १९५९ ची कॅडिलॅक. ओळखणारच, कारण दहावीत असताना तिचं चित्र माझ्या अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेलं होतं. त्या स्टँडवर माझे वडील, अण्णा, सोळा वर्षं गाडी लावत होते. अशी गाडी तिथे कधी उभी राहिलेली नाही.

तसं मी बैठकीत म्हणालो. पोरांनी विचारलं, "मग कुठली होती दादा?" मी सांगितलं, डॉज किंग्जवे. प्लिमथ. डिसोटो. काही शेवरोले. एकानं लगेच फोनवर शोधलं. फोटो आला, फोन हातोहात फिरला. गोल टप, फुगीर बॉनेट, फुगलेली मडगार्डं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग मागून आवाज आला, "ही? ही तर बेडूक दिसतीय."

सगळे हसले. मीही हसलो. पण आत कुठंतरी टोचलं, कारण हा शब्द मला नवा नव्हता.

शाळेत आमच्या गाडीला बेडूकच म्हणायचे. अण्णांची डॉज १९५० च्या आसपासची. त्यांनी घेतली तेव्हाच ती चौथ्या-पाचव्या हातातली होती. मूळचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन परवडेना म्हणून काढून मॅटाडोरचं डिझेल बसवलेलं. ती चालू झाली की अख्ख्या आळीला कळायचं. पुढची सीट सुताराकडून करून घेतलेली, फळी, वर नारळाचा काथ्या आणि हिरवं रेक्झिन. टपावर लोखंडी कॅरिअर. त्यात भाजीच्या पाट्यांपासून नवरीच्या रुखवतापर्यंत सगळं जायचं. सकाळी मला शाळेत सोडायचे तेव्हा मी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी उतरायचो. शाळेच्या गेटपर्यंत गाडी नको. अण्णांना सांगायचो, गिरणीपासून मित्रांबरोबर जातो. मित्र वगैरे कुणी नसायचे.

अण्णांनी ती गाडी १९९० साली भंगारात काढली. वजनावर. मला तेव्हा मनापासून बरं वाटलं होतं. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

आता ही गाडी आपल्याकडं आली कुठून, हे सांगायला हवं, कारण बैठकीत अर्ध्या लोकांना वाटत होतं की जुनी अमेरिकन गाडी म्हणजे कुणी संस्थानिकानं बोटीनं आणलेली. तसं नव्हे. जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता. फोर्डचीही जुळणी मुंबईत व्हायची. आणि आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली. डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि फार्गोचे ट्रक, ही सगळी क्रायस्लरचीच लेकरं. पुढे सरकारनं धोरण ठरवलं, की जो इथं सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम देईल त्यानंच राहावं. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर जनरल मोटर्स आणि फोर्ड गाशा गुंडाळून गेले. प्रीमियर राहिली. नंतर तिनं फियाट केली, ती पद्मिनी तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणजे अण्णांची बेडूक अर्धी डेट्रॉईटची आणि अर्धी कुर्ल्याची होती.

आणि ती बेडकासारखी का दिसायची, यालाही कारण आहे. हे मला कळलं ते फार उशिरा, पत्रकारितेचा डिप्लोमा करून, दोन दैनिकं बदलून झाल्यावर. क्रायस्लरचे तेव्हाचे प्रमुख के. टी. केलर. इंजिनिअरिंगच्या घडणीचा माणूस. त्यांचा आग्रह असा, की माणसाला डोक्यावर हॅट ठेवून गाडीत बसता आलं पाहिजे. बाकीच्या कंपन्या गाड्या बुटक्या आणि लांब करत होत्या, केलरसाहेबांनी टप उंच ठेवला. १९४९ सालच्या नव्या गाड्या त्या हिशोबानं निघाल्या. दणकट, सरळ, बसायला ऐसपैस. आणि दिसायला, खरं बोलायचं तर, पेटीवर पेटी ठेवल्यासारख्या.

अमेरिकेत त्यावर भरपूर टीका झाली. युद्ध संपलेलं, लोकांच्या हातात पैसा, प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा नवी दिसणारी गाडी हवी. प्लिमथ कितीतरी वर्षं तिथं खपात तिसऱ्या नंबरवर होती, ती १९५४ मध्ये पाचव्यावर घसरली. अमेरिकन शौकीन आजही या गाड्यांबद्दल बोलताना कंटाळवाण्या, आजीच्या गाड्या असंच बोलतात.

पण आपल्या घाटात? हॅटच्या जागी फेटा ठेवून बघा. लग्नाच्या वऱ्हाडातली चार फेटेवाली माणसं मान न वाकवता बसायची. रस्त्यापासून गाडीचं पोट उंच, त्यामुळं ओढ्यात घातली तरी निघायची. तिकडं ज्या गुणांमुळं ती गाडी नापास झाली, त्याच गुणांवर इथं चाळीस वर्षं धावली. केलर कधी आमच्या घाटात आले नसतील, पण आमच्या फेट्यांची सोय त्यांनीच करून ठेवली होती.

आता गंमत ऐका. बैठकीत मला जी पंखवाली दाखवली, ती या बेडकाचीच दूरची पुतणी निघते.

गाडीला पंख पहिल्यांदा लावले कॅडिलॅकनं, १९४८ मध्ये. जनरल मोटर्सच्या डिझाईनचे सर्वेसर्वा हार्ले अर्ल. १९२७ पासून त्यांनी तिथं गाडीच्या रूपाचा स्वतंत्र विभाग चालवला. त्याआधी गाडी इंजिनिअर लोकच ठरवायचे, आणि रंगरूप म्हणजे शेवटचा हात. अर्लनी लॉकहीडचं पी-३८ नावाचं दोन शेपट्यांचं लढाऊ विमान बघितलं, आणि त्याची छटा मडगार्डावर आणली. पण ते पंख अगदी छोटे, बोटभर उंचवटे म्हणा. दरम्यान क्रायस्लरला उंच टपाचा फटका बसल्यावर त्यांनी व्हर्जिल एक्सनर या डिझायनरच्या हाती सूत्रं दिली. एक्सनरनी १९५५ मध्ये गाड्यांचं रूपच बदललं, आणि १९५७ ला तर कहर केला. बुटक्या, निमुळत्या, मागं कापत जाणारे मोठे पंख. प्लिमथच्या जाहिरातीत म्हटलं होतं, की एकदम १९६० साल उजाडलं आहे. सहा-सात वर्षांपूर्वी हॅटसाठी टप उंच ठेवणारी हीच कंपनी!

जनरल मोटर्समधल्या चक जॉर्डन नावाच्या तरुण डिझायनरनं त्या गाड्या बाजारात यायच्या आधीच क्रायस्लरच्या आवारात उभ्या असलेल्या बघितल्या. परत येऊन सहकाऱ्यांना दाखवायला घेऊन गेला. सगळ्यांची झोप उडाली. १९५९ साठी चाललेलं काम बाजूला ठेवून नवं सुरू झालं, आणि त्यातून सगळ्यात उंच पंखांची ती कॅडिलॅक आली. म्हणजे बेडकाला लोक कंटाळले, म्हणून एक्सनर आले. एक्सनरना घाबरून कॅडिलॅकचे पंख वाढले. मंडळाच्या पोरांनी नकळत सासूच्या देखाव्याला सुनेचा फोटो लावला होता.

पंखांबद्दल शौकिनांत दोन तट आहेत, आणि ते त्या काळापासूनच आहेत. स्टुडबेकरशी नाव जोडलं गेलेले डिझायनर रेमंड लोई १९५५ मध्येच म्हणाले होते, की अमेरिकन गाड्या म्हणजे चाकांवरचे ज्यूकबॉक्स झाल्यात. ज्यूकबॉक्स म्हणजे हॉटेलातलं नाणं टाकून गाणं वाजवायचं चमचमतं यंत्र. दुसरा तट म्हणतो, अरे, सामान्य कारखान्यातल्या कामगारानंही हप्त्यावर घेतलेली गाडी रॉकेटसारखी दिसावी, यात वाईट काय? मी स्वतः या दुसऱ्या तटात होतो. अजूनही पूर्ण बाहेर पडलेलो नाही. १९५९ ची कॅडिलॅक बघितली की छातीत काहीतरी होतंच. (आणि गुलाबी रंगाचं म्हणाल, तर एल्व्हिस प्रेस्लीची प्रसिद्ध गुलाबी कॅडिलॅक १९५५ ची, जेमतेम पंखांची. लोकांनी डोक्यात तो रंग १९५९ च्या पंखांवर नेऊन चढवला.)

पण राल्फ नेडर यांचं १९६५ चं पुस्तक वाचल्यावर मी थोडा गप्प झालो. गाड्यांच्या असुरक्षिततेवरचं ते पुस्तक. त्यात एक हकीकत आहे. एक लहान मुलगी सायकल चालवताना उभ्या असलेल्या कॅडिलॅकच्या पंखावर आदळली आणि गेली. गाडी उभी होती, बरं का. चालत नव्हती. पत्रकार म्हणून मी घाटातले पुष्कळ अपघात लिहिलेत. ते पान वाचल्यावर भिंतीवरचं चित्र आठवलं.

आता यात माझा भाचा येतो. पुण्याला, चाकणच्या बाजूला नोकरी करतो, आणि फावल्या वेळात गाड्यांची स्केल मॉडेलं बनवतो. खेळणी म्हटलेलं त्याला खपत नाही. त्याच्या कपाटात एकास पंचवीस मापाच्या तीसेक गाड्या आहेत, सगळ्या अमेरिकन. मी त्याला फोन करून म्हणालो, "आजोबांच्या डॉजचं एखादं मॉडेल मिळतं का बघ. मंडळाच्या पोरांना हातात दिलं की पटेल." तो महिनाभर शोधत होता. १९५९ च्या कॅडिलॅकची ढीगभर मिळाली, सगळ्या मापांत. १९५७ च्या शेवरोले बेल-एअरची तर मोजदादच नाही. डॉज किंग्जवे, चार दारांची, साधी? आम्हाला नाही मिळाली.

"मामा, चार दारांची गाडी कुणी करत नाही," भाचा म्हणाला. "दोन दारांची करतात, नाहीतर उघड्या टपाची."

मला हे माहीतच नव्हतं. खऱ्या जुन्या गाड्यांच्या बाजारातही तसंच आहे म्हणे. त्याच कंपनीची, त्याच सालाची चार दारांची गाडी दोन दारांच्या गाडीपेक्षा कमी भावात जाते. चार दारं म्हणजे घरची गाडी, पोरंबाळं, भाजीच्या पिशव्या. दोन दारं म्हणजे ऐट. आणि मॉडेल बनवणारे ऐटीचीच बनवतात, कारण तीच खपतात. मग पन्नास वर्षांनी कपाटं बघून वाटणार, अमेरिकेत सगळे लोक उघड्या टपाच्या गुलाबी गाड्यांतच फिरत होते. आणि आपल्या घाटातही.

यात आणखी एक गोष्ट भाच्यानं सांगितली. जी बेल-एअर आज सगळ्यांची लाडकी, ती तिच्या ऐन सालात जुनाट वाटली होती. १९५७ च्या मॉडेल-वर्षात फोर्डनं शेवरोलेला खपात मागं टाकलं. म्हणजे देखणेपणाचा निकाल त्या साली एक लागतो आणि तीस वर्षांनी दुसरा. मी म्हणालो, मग आपल्या बेडकाचाही लागेल की कधीतरी. तो म्हणाला, "मामा, सत्तर वर्षं झाली. लागायचा असता तर लागला असता."

या मॉडेलवाल्यांच्या दुनियेतले वाद ऐकले तर तुम्हाला आपल्या ग्रामसभा सभ्य वाटतील. अमेरिकेत पन्नाशीच्या दशकात गाडीचे डीलर गिऱ्हाइकाला त्याच गाडीचं छोटं प्लॅस्टिकचं मॉडेल द्यायचे. एएमटी आणि जो-हॅन या कंपन्या ती बनवायच्या, अगदी कंपनीच्या रंगात. ते जुनं प्लॅस्टिक काळानं वाकतं. मधून फुगतं, टोकं खाली येतात. आता वाद हा, की वाकलेलं मूळ मॉडेल ठेवावं, की नवं साच्यातलं सरळ घ्यावं? भाचा म्हणतो सरळ. त्याचा एक मित्र म्हणतो, वाकलेलंच खरं. दोघं यावरून सहा महिने बोलत नव्हते.

१९५८ मध्ये एएमटीनं घरी जोडायचा संच काढला, एका खोक्यात तीन पर्याय. कारखान्यातून निघाली तशी करा, शर्यतीची करा, नाहीतर स्वतःच्या मनासारखी कापून-सजवून करा. मला वाटतं भांडण तिथंच खोक्यात भरून दिलं त्यांनी. कॅलिफोर्नियात बॅरिस बंधू खऱ्या १९४९ च्या मर्क्युरी गाड्यांचे टप कापून गाडी बुटकी करायचे, खांब कापायचे आणि टप खाली बसवायचा. मॉडेलवालेही ब्लेडनं तेच करतात. एक गट याला कला म्हणतो, दुसरा गाडीचा खून.

पण खूळ म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. फिशर बॉडी म्हणून जनरल मोटर्सचाच एक विभाग होता. १९३० ते १९६८ पर्यंत ते मुलांची मॉडेल बनवायची स्पर्धा घ्यायचे. लाकडाच्या किंवा प्लॅस्टरच्या गाड्या, एकास बारा मापाच्या, आणि जिंकणाऱ्याला शिक्षणासाठी पैसे. वर सांगितलेला चक जॉर्डन १९४७ चा विजेता. पुढे तो कॅडिलॅकच्या स्टुडिओचा प्रमुख झाला आणि शेवटी अख्ख्या जनरल मोटर्सच्या डिझाईनचा. आणि अर्ल यांच्या विभागात खरी गाडीसुद्धा आधी मातीत घडायची, छोट्या मापात, मग पूर्ण मापात. आपल्याकडं गणपतीच्या कारखान्यात जसं शाडूचं काम चालतं तसंच थोडंफार.

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा घरी आला, येताना दोन-तीन मॉडेलं घेऊन. त्यात त्याची सगळ्यात लाडकी, १९६३ ची कॉर्व्हेट स्टिंग रे. मागची काच मधोमध पट्टीनं दुभंगलेली. ही पट्टी डिझाईनप्रमुख बिल मिचेल यांचा हट्ट. गाडीचे इंजिनिअर झोरा आर्कस-डुंटॉव्ह यांचा तिला विरोध, कारण मागचं दिसत नाही. मिचेल जिंकले, पण एकच वर्ष. १९६४ ला पट्टी गेली. त्या वेळी काही मालकांनी आपल्या १९६३ च्या गाडीची पट्टी कापून नवी अख्खी काच बसवून घेतली. आज तीच पट्टीवाली सगळ्यात महाग, आणि कापणाऱ्यांची मुलं कपाळ बडवतात.

अण्णांनी मॉडेल तळहातावर घेतलं, चष्मा वर केला, मागून बघितलं.

"मधी पट्टी हाय व्हय? आन् घाटात रिव्हर्स कसा घेयाचा?"

भाचा म्हणाला, "आजोबा, ही घाटातली गाडी नाही."

"मग कशाला केली?" असं म्हणून अण्णांनी ती हळूच खाली ठेवली. जपून ठेवली मात्र.

मग मी मंडळाची हकीकत सांगितली. मला वाटलं, अण्णा माझ्या बाजूनं असणार. मी तयारीनं बोललो. प्रीमियरचा कारखाना, केलरची हॅट, खोटा इतिहास, पुढच्या पिढीला काय सांगणार, सगळं. फोनवर गुलाबी डिझाईन दाखवलं. अण्णांनी बराच वेळ ते बघितलं. दोन बोटांनी फोटो मोठा करायला भाच्यानं शिकवलंय, तसा मोठा करून पंख बघितले.

"चांगली दिसतीय की."

मी म्हणालो, "अण्णा, पण अशी गाडी आपल्याकडं नव्हती."

"नव्हती कशी? टॅक्सीत नव्हती. पाचगणीला एका पारशी शेठची व्हती, पंखाची. निळी. शिजनला यायची. आम्ही स्टँडवरची समदी उठून बघायचो. मला वाटायचं, आयुष्यात एकदा तसली हातात धरावी." थोडं थांबून म्हणाले, "तुला काय वाटलं, ती बेडूक मला लई आवडत व्हती?"

मंडळी, मी गप्प. बेडूक हा शब्द अण्णांना माहीत होता. गिरणीपाशी का उतरतो हेही माहीत असणार. पस्तीस वर्षांत एकदाही बोलले नव्हते.

मी एवढंच विचारलं, "मग करू द्या गुलाबी?"

"करू द्या की. पोरांस्नी गर्दी व्हायला पायजे. पण तिच्यावर आमच्या स्टँडचं नाव टाकू नका." आवाज वर न चढवता म्हणाले. "त्या स्टँडवर अकरा गाड्या व्हत्या. त्यातल्या एकीलाबी पंख नव्हतं. ज्यांनी त्या चालवल्या त्यातलं आता आम्ही तिघं राह्यलो. आम्ही बघायला येणार. आमचं नाव दुसऱ्याच्या गाडीवर कसं बघायचं?"

हा मुद्दा माझ्या सगळ्या भाषणात नव्हता. मी इतिहास, अस्सलपणा, शासकीय धोरण असलं बोलत बसलो होतो. मला पंखांचीच अडचण वाटत होती. अडचण पाटीची होती.

पुढच्या बैठकीत मी तेवढंच मांडलं. गाडी कुठलीही करा, गुलाबी करा, पंख अजून फूटभर वाढवा, पण स्टँडचं नाव काढा. जुनी टॅक्सी म्हणायचं असेल तर टॅक्सी होती तशी करा. अर्धा तास बोलाचाली झाली. एक गट म्हणाला, सेल्फी कुणी बेडकाबरोबर काढणार नाही. दुसरा म्हणाला, उलट बेडूकच वेगळी दिसेल, गुलाबी गाडी तर प्रत्येक ढाब्यावर भिंतीवर काढलेली असते. एका पोरानं विचारलं, "दोन्ही केल्या तर?" खजिनदारानं माझ्याकडं बघितलं. माझी दुप्पट वर्गणी त्याच्या लक्षात होती.

शेवटी पाटी काढायचं ठरलं. गुलाबी पंखवाली मोठ्या मांडवात राहणार, 'जुन्या काळची शानदार गाडी' एवढ्याच नावानं. आणि शेजारी काचेच्या पेटीत आमच्या स्टँडची डॉज, छोटी, एकास पंचवीस. तिच्याखाली स्टँडचं नाव आणि अकरा चालकांची नावं. नावं अण्णा सांगणार आहेत. आठ आठवली आहेत. उरलेल्या तिघांची कुणाला माहीत असतील तर मला फोन करा किंवा अण्णांना येऊन भेटा. विशेषतः एक जण होता, बावधनकडचा, ज्याची प्लिमथ काळी होती आणि जो हॉर्नऐवजी दारावर हात आपटायचा.

मॉडेल भाचा घरीच बनवतोय, प्लॅस्टिकचे पत्रे आणि पुटी वापरून. त्याचं आणि अण्णांचं रोज फोनवर जुंपतं. भाच्याचं म्हणणं, कुर्ल्याहून निघाली तशी करू, चकचकीत, मूळ सीटची. अण्णांचं म्हणणं, मग ती माझी कशी? कॅरिअर पाहिजे, हिरवं रेक्झिन पाहिजे, डाव्या मडगार्डाला एसटीनं दिलेला पोचा पाहिजे. पोचा किती मोठा, तर "नारळ बसंल येवढा". नारळाला पंचवीसनं भागायचं म्हणजे वाटाण्यापेक्षा जरा लहान. भाच्यानं वहीत लिहून घेतलं.

आमच्याकडं त्या गाडीचा एकच फोटो आहे, आत्याच्या लग्नातला. त्यातही पुढचं अर्धं बॉनेट आणि वर नवरदेव. मूळ गाडीच्या टपाची उंची भाच्याला मिळाली, पण सीट सुताराची, ती किती उंच होती कुणाला ठाऊक? आणि या मापात एक मिलिमीटर चुकला की खऱ्या गाडीत एक इंच चुकला. गेल्या रविवारी तो टेप घेऊनच आला. अण्णांना खाटेवर ताठ बसवलं आणि म्हणाला, "आजोबा, गाडीत बसल्यावर डोक्याच्या वर किती जागा राहायची, हातानं दाखवा."

अण्णांनी हात डोक्यावर नेला, मग खाली घेतला.

"असं न्हाई जमायचं. आधी फेटा बांध, मग मोज."

भाच्याला फेटा येत नाही. मलाही नीट येत नाही. अण्णांनी स्वतःच कपाटातून काढला, आरशासमोर बांधला, दहा मिनिटं लागली, हात थोडा थरथरतो आता. मग येऊन बसले आणि फेट्याच्या वर दोन बोटं आडवी धरली. साडेएकोणचाळीस इंच. भाच्यानं भागाकार केला, चाळीस मिलिमीटर.

"बरोबर," अण्णा म्हणाले. "येवढीच व्हती."